दहा, किंग हेन्रीज रोड : हे घर नेमकं कुणाचं?

२०१५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनमध्ये एक घर विकत घेतलं. पत्ता : दहा, किंग हेन्रीज रोड. किंमत तीस लाख पौंडांहून जास्त. १९२१-२२मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते, म्हणून ही खरेदी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं आणि बातमी तिथे संपली. मला मात्र जुन्या घरांच्या बाबतीत एक खोड आहे. घर घेतलं म्हटलं की, कुणाकडून? आणि त्याने कुणाकडून? ही साखळी मागे मागे ओढत नेली की कधी कधी पार राजापर्यंत पोचते. इथे ती दोन राजांपर्यंत पोचली, आणि वाटेत एक कुष्ठालयही लागलं.

रस्त्याच्या नावातला हेन्री म्हणजे सहा बायका करणारा आठवा हेन्री नव्हे. हा सहावा. त्याने १४४० साली ईटनची शाळा काढली. नाव ईटन कॉलेज, पण आहे ती शाळाच. शाळा चालायची तर उत्पन्न हवं. आपल्याकडे देवस्थानाला इनाम लावून देत, तसं राजाने १४४९मध्ये वेस्टमिन्स्टरजवळचं सेंट जेम्सचं कुष्ठालय या शाळेच्या ताब्यात दिलं. ते होतं कुष्ठरोगी स्त्रियांसाठी. त्याच्या मालकीच्या जमिनी लंडनच्या उत्तरेला होत्या, त्यांतलीच एक चॅल्कट्स. पुढे आठव्या हेन्रीची नजर कुष्ठालयाच्या जागेवर गेली. १५३०च्या दशकात ती घेऊन त्याने तिथे राजवाडा बांधला, तोच आजचा सेंट जेम्स पॅलेस. चॅल्कट्सची कुरणं मात्र शाळेकडेच राहिली. बाबासाहेबांच्या घराखालची जमीन ती हीच. ‘चॅल्कट’चा अपभ्रंश होत होत ‘चॉक फार्म’ झालं. त्या नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आजही तिथे आहे, पण खडूशी त्याचा काडीचा संबंध नाही. जमीन निव्वळ चिकणमातीची.

जवळजवळ चारशे वर्षं इथे गुरं चरली. मग लंडन सरकत सरकत जवळ आलं. ईटनने १८२६ साली पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला आणि ९९ वर्षांच्या पट्ट्याने जमीन देण्याची मुभा मिळवली. धोरणी मालक कसा असतो ते बघा. १८३०च्या दशकात रेल्वे कंपनीने इथून मार्ग काढायचं ठरवलं, तेव्हा कॉलेजाने उघडा चर खणू दिला नाही, बोगदाच काढायला लावला. वरची जमीन पुढे घरांसाठी द्यायची होती ना! आजही या भागातल्या घरांखालून गाड्या धावतात.

आता त्या ९९ वर्षांच्या पट्ट्याची गंमत. मला तर हा प्रकार अजब वाटतो. जमीनमालक नाममात्र वार्षिक भाड्यावर मोकळी जागा देतो. बांधणारा स्वतःच्या पैशाने, मालकाला पसंत पडेल अशा नमुन्याचं घर उठवतो आणि पट्टा विकून मोकळा होतो. पट्टा घेणारा त्यात राहतो किंवा खोल्या भाड्याने देतो. मुदत संपली की जमीन घरासकट मूळ मालकाकडे परत! मालकाने एक वीटसुद्धा रचलेली नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली इथली घरं या पद्धतीतून उभी राहिली. म्हणजे ‘घरमालक कोण?’ या साध्या प्रश्नाला एकाच वेळी तीन-चार खरी उत्तरं. जमीन ईटनची, पट्टा एकाचा, खोली दुसऱ्याची. आणि या सगळ्यांच्या वर राजमुकुट, कारण इंग्लंडमधली सगळी जमीन तत्त्वतः अखेर राजाचीच मानली जाते.

या उतरंडीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर आपला विद्यार्थी. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावं लागलं होतं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर ते १९२०मध्ये पुन्हा आले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस काढायचा आणि रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहायचा, हा त्यांचा क्रम. त्या वेळी घरची मंडळी परळच्या बीआयटी चाळीत, म्हणजे तिथेही भाड्याचीच खोली. स्वतःचं घर, ‘राजगृह’, दादरच्या हिंदू कॉलनीत उभं राहिलं ते १९३०च्या दशकात, आणि तेही मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून.

पट्ट्यांच्या या साम्राज्याला धक्का दिला १९६७च्या कायद्याने. लांब मुदतीचा पट्टेदार काही अटींवर खालची जमीनही विकत घेऊ शकेल, असं त्याने ठरवलं. पण त्याआधी १९४७च्या नगररचना कायद्याने दुसरीच एक गोष्ट मालकांच्या हातून काढून घेतली होती : घराचं काय करायचं ते ठरवण्याचा हक्क. राहत्या घराचं दुकान किंवा संग्रहालय करायचं तर स्थानिक कौन्सिलची परवानगी हवी.

आपलं सरकार नेमकं इथेच अडलं. घर घेतलं, स्मारक उघडलं, पण वापर बदलण्याची परवानगी नव्हती. काही शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली. राहण्याची जागा कमी होते म्हणून कॅम्डेन कौन्सिलने २०१८मध्ये अर्ज फेटाळला. सरकारने अपील केलं, २०१९मध्ये रीतसर जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२०मध्ये ब्रिटनच्या संबंधित मंत्र्याने परवानगी दिली. एके काळी मुंबई इलाख्याच्या कारभाराचा शेवटचा शब्द लंडनचा असे. आता मुंबईचं सरकार लंडनमध्ये घरमालक होतं, आणि आपल्याच घरात संग्रहालय करू द्या म्हणून अर्ज करत होतं. मला यात अपमान वाटला नाही, मौज वाटली. आपल्याकडेही परवानगीआधी उद्घाटन ही काही नवलाची गोष्ट नाही. तिथे ते चाललं नाही, इतकंच.

लंडनला गेलात तर चॉक फार्मला उतरा आणि चालत जा. दारावरची निळी पाटी वाचा, आतल्या खोल्या बघा. परतताना शेजारच्या प्रिमरोझ हिलवर चढा. तिथून अख्खं लंडन दिसतं, आणि कुणीही तिकीट मागत नाही. ही टेकडीसुद्धा ईटनचीच होती. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने दुसरीकडची जमीन देऊन ती बदल्यात घेतली आणि लोकांसाठी मोकळी ठेवली.