भाईंदरच्या मिठाची सुगी

फेब्रुवारी उलटतो, ऊन चढतं, दुपारचा खारा वारा जोर धरतो आणि भाईंदरच्या मिठागरांत पांढरेपणा दिसू लागतो. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात; मीठ धरायला मात्र त्यातलं सुमारे ९० टक्के पाणी उडून जावं लागतं. आधी जिप्सम बसतं, मग मीठ. उरलेलं मॅग्नेशियमचं कडवट पाणी वेळीच सोडून द्यायचं, नाहीतर मिठालाही कडवटपणा येतो. वाफ्यातलं पाणी कधी गुलाबी दिसतं. ते प्रदूषणच असेल असं नाही, अतिखारटपणात फोफावणारे सूक्ष्मजीवही हा रंग देतात. अशात अवकाळी सर आली, तर धरलेलं मीठ पुन्हा विरघळतं. आमच्या सोसायटीत मात्र त्याच सरीच्या निमित्ताने भजी तळली जातात!