लिंक भलत्याच ब्राउझरमध्ये उघडते? उबुंटूमध्ये एवढं करा

लॉगिन केलंय क्रोममध्ये आणि ईमेलमधली लिंक उघडते फायरफॉक्समध्ये! मग पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. अर्जाची शेवटची तारीख असली की जीव टांगणीला. हा व्हायरस नाही. उबुंटू लिनक्ससोबत फायरफॉक्स आधीपासूनच येतो. क्रोम नंतर टाकला, पण डीफॉल्ट म्हणून निवडला नाही, तर लिंक फायरफॉक्सकडेच जातात.

सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ॲप्लिकेशन्स' उघडा (२४.०४ मध्ये ते 'ॲप्स'च्या आत सापडेल) आणि 'वेब'समोर क्रोम निवडा. सेव्हचं बटण शोधत बसू नका, बदल लगेच लागू होतो. कॉम्प्युटरवर साठवलेलं वेबपान तरीही फायरफॉक्समध्येच उघडलं, तर त्या फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मधून क्रोम निवडा. शाळेत किंवा सेवा केंद्रात एकाच मशीनवर दोन-तीन युजर असतील, तर प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये हे वेगळं करावं लागतं.