राजीनाम्याचे मोल

राजीनामा हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात इतका स्वस्त झाला आहे, की तो कानी पडताच लोक 'आता याला काय हवे आहे?' असा प्रश्न विचारू लागतात. खिशात बाळगायचा, वेळ पाहून दाखवायचा आणि सौदा जमताच पुन्हा खिशात घालायचा, असे या कागदाचे रूप झाले आहे. अशा काळात जुलै १९५६मध्ये दिल्लीत दिल्या गेलेल्या एका राजीनाम्याची आठवण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. तो राजीनामा होता भारताचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचा.

१४ जानेवारी १८९६ रोजी कुलाबा जिल्ह्यातील नाते या गावी जन्मलेल्या या पुरुषाचे पूर्वायुष्य म्हणजे यशाची एक अखंड मालिकाच होती. १९१२च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, त्यानंतर केंब्रिज, आणि १९१८मध्ये आय. सी. एस. परीक्षेतही अग्रस्थान! १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४च्या ब्रेटन वूड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात ते होते. आणि त्याच सुमारास मेघदूताचा मराठी पद्यानुवादही त्यांच्या लेखणीतून उतरला. आकड्यांच्या अरण्यात वावरूनही कालिदासाशी नाते न तोडणारा अर्थतज्ज्ञ विरळाच म्हटला पाहिजे.

१९५०मध्ये ते केंद्राचे अर्थमंत्री झाले आणि १९५२मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. पहिली पंचवार्षिक योजना, १९५५मध्ये इंपीरियल बँकेचे झालेले स्टेट बँकेत रूपांतर आणि जानेवारी १९५६मधील आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण ही त्यांच्या कारकिर्दीची ठळक चिन्हे होत. जनाधाराच्या बळावर नव्हे, तर केवळ गुणवत्तेच्या बळावर ते त्या पदाला पोहोचले होते. पाठीशी गट नाही, पक्षात मुळे खोलवर गेलेली नाहीत. अशा मनुष्याला मंत्रिपद गेले तर राजकारणात परतीची वाट नसते. ही गोष्ट त्यांना कळत नव्हती असे कोण म्हणेल?

आणि तरीही मुंबईचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांनी खुर्चीचा विचार केला नाही. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जानेवारी १९५६मध्ये जाहीर झाला. शहरात उद्रेक झाला, गोळीबार झाले, माणसे मेली. चिंतामणरावांनी त्याच महिन्यात पदत्यागाची तयारी दर्शविली व अखेर जुलैमध्ये मंत्रिमंडळ सोडले. लोकसभेत निवेदन करताना त्यांनी दोन गोष्टी रोखठोक मांडल्या: एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचारविनिमय न होता घेतला गेला, आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावयास हवी होती. पहिला आरोप पंडित नेहरूंनी मान्य केला नाही. परंतु त्या काळच्या नेहरूंसमोर, त्यांच्याच मंत्रिमंडळातून उठून असे बोलावयास कोणते धैर्य लागत असेल, याची कल्पना आजच्या वाचकासही सहज करता येईल.

येथे एक आक्षेप घेतला जातो व तो आम्ही टाळू इच्छित नाही. जानेवारीत मन बनले होते, तर जुलैपर्यंत थांबले कशाला? आक्षेप निराधार नाही. रस्त्यावर रक्त सांडत असताना सहा महिन्यांचा संयम अनेकांना फार लांबलेला वाटला असेल. परंतु हातचे काम अर्धवट टाकून टाळ्या मिळविणे हा त्यांचा पिंड नव्हता. शिवाय ज्याची किंमत कालांतरानेही कमी होत नाही, तोच त्याग खरा. आणि या त्यागाच्या बदल्यात त्यांनी काही मागितल्याचे दिसत नाही. ते आंदोलनाचे पुढारी बनले नाहीत, की १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाल्यावर श्रेयाच्या रांगेत उभे राहिले नाहीत.

त्यांनी कामाची दिशा तेवढी बदलली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी. आणि १९५९मध्ये मॅगसेसे पुरस्कार. १९६९मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. ती लढत त्यांनी टाळली असती तर बरे झाले असते, असे आमचे मत आहे. पक्षांच्या कुस्तीत त्यांचे नाव ओढले गेले, त्यांचा मोठेपणा त्याने वाढला नाही. पण कमीही झाला नाही. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून आम्ही एवढेच घेतो. विद्वत्ता सत्तेच्या दारी जाते, हे नवे नाही. सत्तेच्या दारातून ताठ मानेने बाहेर येणारी विद्वत्ता मात्र दुर्मिळ. बाहेर पडल्यावर करावयास दुसरे काम ज्याच्यापाशी असते, त्यालाच पद सोडणे जमते. खुर्चीवाचून ज्यांचे आयुष्य रिते आहे, त्यांच्या राजीनाम्याच्या धमक्यांना जनतेने किती किंमत द्यावी, हे आता जनतेनेच ठरवावे.