सीमेपलीकडील विक्री व कर

आमच्या वसईतील एखाद्या भगिनीने शिवलेली कापडी पिशवी आंतरजालावरून जर्मनीत विकली, तर तिजवर कर कोणी घ्यावा? तत्त्व सोपे आहे: माल जेथे वापरला जातो, तेथील सरकार कर घेते. म्हणून भारतात निर्यातीवर वस्तू व सेवा कराचा दर शून्य आहे. जर्मनीत मात्र १९ टक्के मूल्यवर्धित कर पडतो. लहान पुडक्यांस असलेली २२ युरोपर्यंतची सूट युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. १५० युरोपर्यंतचा माल आंतरजालावरील पेठेमार्फत विकल्यास ती पेठच ग्राहकाकडून कर घेऊन भरते. स्वतः पाठविल्यास बहुधा टपालवाला तो दारात मागतो, आणि ग्राहक रागावून पुडके परत धाडतो! यास्तव किंमत सांगतेवेळीच कराची कल्पना द्यावी, अशी आमची सूचना आहे.