युद्धकैद्याचे कर्तव्य

युद्धातील शौर्य म्हटले की रणभूमीवरचा क्षण डोळ्यांसमोर येतो. शत्रूच्या कोठडीत दिवस कंठणाऱ्या सैनिकाच्या शौर्याची मात्र फारशी चर्चा होत नाही. हाती शस्त्र नाही, सुटकेची तारीख ठाऊक नाही, अशा अवस्थेतही सैनिकाचे कर्तव्य संपत नाही. हे ज्यांच्या आयुष्यातून स्पष्टपणे कळते, त्यांपैकी एक नाव म्हणजे ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर. १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या ८२व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

परुळकर मार्च १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झाले. अवघ्या अडीच वर्षांत १९६५चे युद्ध सुरू झाले. एका मोहिमेत त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला आणि उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून छत्रीने उडी घेण्याचा सल्ला मोहीमप्रमुखांनी दिला. परंतु परुळकरांनी ते जायबंदी विमान सुखरूप तळावर आणले. या कामगिरीबद्दल त्यांना वायुसेना पदक मिळाले.

१९७१च्या युद्धात मात्र दैवाने साथ दिली नाही. १० डिसेंबर रोजी त्यांचे सुखोई-७ विमान पाकिस्तानी हद्दीत पाडले गेले. परुळकर बचावले, पण पकडले गेले. आठवडाभरात युद्धबंदी झाली. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, तरी कैद्यांच्या सुटकेचा प्रश्न लोंबकळतच राहिला. भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैदी होते आणि त्यांच्या परतीचा प्रश्न राजकीय वाटाघाटींत गुंतला होता. रावळपिंडीच्या छावणीतील मूठभर भारतीय वैमानिकांच्या सुटकेचे कुलूप असे दूरवरच्या चर्चांत अडकले होते.

येथे युद्धकैद्यांविषयीचा कायदा समजून घेतला पाहिजे. १९४९चा तिसरा जिनिव्हा करार दोन्ही देशांना मान्य होता. या कराराने कैद्याला गुन्हेगार मानलेले नाही. त्याला अन्न, औषधपाणी, घरी पत्र पाठविण्याची मुभा आणि दरमहा काही रक्कम देणे बंधनकारक आहे. पळून जाण्याचा प्रयत्न फसला, तर त्याबद्दल केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि तीही ३० दिवसांहून अधिक असू शकत नाही. आपल्या सैन्याकडे परत जाण्याची धडपड हा सैनिकाचा स्वाभाविक धर्म आहे, ही जाणीव या तरतुदीमागे आहे. अर्थात कागदावरचे हे संरक्षण अंधारात गोळी झाडणाऱ्या पहारेकऱ्याला थोपवू शकत नाही, याची कल्पना प्रत्येक कैद्याला असते.

पकडलो गेलो तर निसटण्याचा प्रयत्न करीनच, असे परुळकर फार पूर्वीपासून सहकाऱ्यांना सांगत असत. रावळपिंडीत ते शब्द खरे करण्याची वेळ आली. फ्लाइट लेफ्टनंट मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोघे त्यांच्या बेतात सामील झाले. विद्याधर चाटी यांनीही हातभार लावला. छावणीतील ज्येष्ठ भारतीय अधिकारी विंग कमांडर कोएल्हो यांची संमती घेणे आवश्यक होते. तिघे निसटले, तर मागे उरलेल्यांवर सक्ती वाढणार हे उघड होते. कोएल्हो यांनी मोठ्या नाराजीनेच होकार दिला.

त्यानंतर सुरू झाले ते चिकाटीचे काम. मिळतील त्या लहानसहान हत्यारांनी कोठडीच्या मागच्या भिंतीचे प्लास्टर आणि विटा थोड्याथोड्या मोकळ्या केल्या गेल्या. निघालेला चुरा खाटेखाली दडविला जाई. करारानुसार मिळणारे दरमहा सुमारे ५७ रुपये साठविले गेले. सुका मेवा आणि आटवलेल्या दुधाची शिदोरी जमली. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनविले गेले. वैमानिकांच्या जी-सूटचाही उपयोग करून घेण्यात आला. भारताच्या सीमेवर सैन्य आणि सुरुंग असल्याने पूर्वेकडे जाणे धोक्याचे होते. म्हणून पठाणी वेशात पश्चिमेकडे, अफगाणिस्तानात जायचे ठरले.

पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन १४ ऑगस्टला असतो. सुटीच्या वातावरणात पहारा सैल असेल, या हिशेबाने १२ आणि १३ ऑगस्ट १९७२ मधली रात्र निवडण्यात आली. वादळी हवेने साथ दिली. तिघे भिंतीच्या भगदाडातून बाहेर पडले आणि बसने पेशावरला पोहोचले. तेथून टांगा आणि पुन्हा बस असा प्रवास करीत १३ तारखेच्या सकाळी ते खैबर खिंडीतील लंडी कोतलला येऊन ठेपले. अफगाण सीमा तेथून जेमतेम चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरांच्या आत होती. पिंप्राळ्यातून निघून, जळगाव शहर ओलांडून विमानतळ गाठायचा म्हटले, तरी याहून अधिक रस्ता तुडवावा लागतो.

घात केला तो नकाशाने. कैद्यांना मिळालेल्या शालेय नकाशासंग्रहात लोहमार्ग सीमेजवळच्या लंडी खाना या स्थानकापर्यंत दाखविला होता. प्रत्यक्षात कोतलपासून पुढचा तो मार्ग १९३२ मध्येच बंद पडला होता. चाळीस वर्षे गाडी न गेलेल्या स्थानकाची वाट विचारणारे तीन परके पाहून तहसील कचेरीतील एका कारकुनाला संशय आला. तिघांना तहसीलदारापुढे उभे करण्यात आले. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी असून सहलीला आलो आहोत, ही बतावणी फार वेळ टिकण्यासारखी नव्हती. त्या भागात हेर समजून जिवे मारले जाण्याची भीती होती. परुळकरांनी प्रसंगावधान राखून एक दूरध्वनी करू देण्याची विनंती केली. रावळपिंडीच्या छावणीचे माजी प्रमुख उस्मान हमीद आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी होते आणि कैद्यांशी त्यांची वागणूक सभ्यपणाची होती. त्यांनी तिघांची ओळख पटविली आणि प्राण वाचले. जिनिव्हा कराराचे खरे बळ अशा माणसांच्या वागण्यातून दिसते.

तिघे पुन्हा कैदेत गेले. छावणीतील सहकाऱ्यांनाही सक्ती सोसावी लागली. पुढे सर्वांना लायलपूरच्या तुरुंगात हलविण्यात आले आणि १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवरून ते मायदेशी परतले. परुळकरांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. त्यानंतरची त्यांची सेवा मुख्यतः पुढची पिढी घडविण्यात गेली. हवाई दल अकादमीत त्यांनी प्रशिक्षक म्हणून, तर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मार्गदर्शक अधिकारी म्हणून काम केले. दोन वर्षे ते सिंगापूरलाही होते. फेथ जॉन्स्टन यांच्या पुस्तकामुळे आणि २०१९च्या ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ या चित्रपटामुळे ही हकीकत नव्या वाचकांपर्यंत पोहोचली.

परुळकर परतले, सर्वांच्याच नशिबी ते नव्हते. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१च्या हल्ल्यानंतर परतले नाहीत. ‘बेपत्ता ५४’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यादीत त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे यांनी पुढची कित्येक वर्षे त्यांच्या शोधात घालविली. २००७ मध्ये नातेवाइकांच्या पथकाला पाकिस्तानातील तुरुंग पाहू देण्यात आले, पण ठोस असे काही हाती लागले नाही.

जिनिव्हा करारानुसार, कैदी छावणीत पोहोचल्यापासून आठवडाभरात त्याला घरी आणि युद्धकैद्यांच्या मध्यवर्ती माहिती संस्थेकडे आपली खबर देणारे पत्र पाठवू दिले पाहिजे. हे एक साधे छापील पत्र असते. परंतु ज्याचे नाव असे नोंदले जाते, त्याचा हिशेब पकडणाऱ्या देशाला द्यावा लागतो. ज्याचे नाव कोठेच उमटत नाही, त्याच्या घरच्यांना पन्नास वर्षांनंतरही उत्तर मिळत नाही. परुळकरांच्या धाडसाची आठवण ठेवताना, या नोंदीचे मोलही ध्यानात ठेवायला हवे.