चहा पोटात गेल्यावर

नाथषष्ठीची गर्दी असो, मागावर पैठणी विणण्याचे काम असो की एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहणे असो, पैठणकरांचे चहावाचून पान हलत नाही. पण हा चहा पोटात गेल्यावर त्याचे पुढे काय होते?

चहात मुख्यतः दोन प्रकारची द्रव्ये असतात. एक कॅफिन. ते चटकन रक्तात उतरते, म्हणून तरतरी येते. त्याचा निचरा यकृत करते. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून निम्मे कॅफिन जायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे संध्याकाळी ६ च्या चहातले निम्मे कॅफिन रात्री ११ वाजताही अंगात असते. झोप येत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर हा निचरा फारच मंदावतो.

दुसरी तुरट द्रव्ये. त्यांचा थोडाच भाग लहान आतड्यातून रक्तात जातो. उरलेला मोठ्या आतड्यात पोचतो. तेथील जिवाणू त्याचे बारीक घटक करतात. ते रक्तात शिरतात, यकृतात त्यांच्यावर प्रक्रिया होते आणि शेवटी ते लघवीवाटे बाहेर पडतात.

परंतु वाटेत ही द्रव्ये एक घोटाळा करतात. भाकरी, डाळ, मेथी यांतील लोहाला ती चिकटतात. मग ते लोह रक्तात न जाता शौचावाटे वाया जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण जेवणाबरोबरचा चहा त्यात भर घालतो.

माझ्याकडे येणाऱ्या गरोदर भगिनी सांगतात, "डॉक्टर, लाल गोळ्या रोज घेते, पण रक्त काही वाढत नाही." मी विचारतो, "ताई, गोळी कशासोबत घेता?" उत्तर बहुधा एकच असते, "सकाळच्या चहासोबत."

तेव्हा वाचकहो, चहा सोडू नका, वेळ बदला. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवा. लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्या. तिच्या आगेमागे दोन तास चहा नको. जेवताना भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह चांगले शोषले जाते. लहान मुलांना चहा देऊच नका. थकवा, धाप, चक्कर असेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.