घाटाखालच्या बोली

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय दोन हजार वर्षांच्या आसपास. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी मराठीच्या प्राचीनत्वाचे जे पुरावे मांडले गेले, त्यांत या लेखाला मानाचे स्थान होते. कोकणातून हा घाट चढायचा तो मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याकडून. वर दगडात कोरलेली भाषा सुखरूप आहे. पण घाटाच्या पायथ्याशी, मुरबाड-शहापूरच्या वाड्यापाड्यांत, ज्या बोली केवळ माणसांच्या ओठांवर आहेत, त्यांचे काय?

हा मुलूख आपल्याला परका नाही. मुंबईकराच्या नळाला येणारे पाणी तानसा, भातसा आणि वैतरणेचे, म्हणजे बव्हंशी शहापूरच्या डोंगरांतले. तानसा धरण १८९२ सालचे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपण हे पाणी पितो आहोत, पण त्या पाण्याकाठी राहणारा ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरात काय बोलतो, याची विचारपूस आपण क्वचितच केली.

आठवड्याच्या बाजारात थोडा वेळ नुसते उभे राहावे. ‘पाणी’चे ‘पानी’ झालेले असते, ‘कोण’चे ‘कोन’, ‘डोळा’ हा ‘डोला’ होतो. शहरी कान याला चटकन ‘अशुद्ध’ म्हणून मोकळा होतो. पण हे उच्चार सर्वांच्या तोंडी सारखे येतात, ठरावीक जागीच बदलतात. म्हणजे त्यांनाही नियम आहेत. ज्याला नियम आहेत, त्याला चूक कसे म्हणावे?

शब्दांची श्रीमंती पाहायची तर पावसाच्या तोंडावर यावे. शेवळं, कुर्डू, टाकळा, कवळा, भारंगी, लोत अशा रानभाज्यांचे वाटे मांडलेले असतात. शहापूरच्या बाजारात शेवळं घेताना एका म्हाताऱ्या ठाकरणीने मला बजावले, ‘‘काकडं घातल्याबिगर शिजवू नको, घसा खाजंल.’’ काकडाची आंबट फळे शेवळाची खाज मारतात. कोणता कंद उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा घालवायचा, कोणता तसाच भाजून खायचा, ही सारी विद्या शब्दांत साठवलेली आहे. नाव विसरले की ओळख विसरते आणि ओळख विसरली की भाजी नुसते गवत होते.

‘कातकरी’ हे नावही असाच एक इतिहास सांगते. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी किंवा काथोडी. इंग्रजी अमदानीत १८७८च्या वनकायद्यानंतर जंगलावर सरकारी पकड घट्ट झाली आणि खैर तोडणे अवघड होऊन बसले. धंदा गेला, नाव राहिले. आज दिवाळीनंतर यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कातकरी, वारली, ठाकरी या बोलींची नोंद मराठीच्या कुटुंबात झाली. याच ग्रिअर्सननी बिहारमधल्या भागलपूरकडची बोली ‘छिकाछिकी’ या नावाने मैथिलीच्या पोटात घातली होती. पण तिथल्या लोकांनी ते नाव स्वीकारले नाही. महाभारतातला कर्णाचा अंगदेश आपला, म्हणून आपली भाषा ‘अंगिका’, असे त्यांनी ठामपणे सांगितले, तिच्यात लिहिले, तिचा आग्रह धरला. २०१८ साली झारखंड सरकारने तिला राज्याच्या दुसऱ्या राजभाषांत स्थान दिले. आमच्या घाटाखालच्या बोलींना असा आवाज अजून मिळालेला नाही.

याचे एक कारण मोजदादीत आहे. १९६१च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नावे नोंदली गेली. १९७१पासून दहा हजारांहून कमी लोक बोलतात अशा भाषांची नावे वेगळी दाखवणे बंद झाले. शिवाय शिरगणतीचा माणूस दारात आला की पाड्यावरचा माणूस ‘मराठी’ असेच सांगतो. ते खोटे नाही, पण पुरेही नाही. ‘आमची बोली म्हणजे काय भाषा हाय?’ हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. भाषा मरण्याआधी तिच्याबद्दलचा अभिमान मरतो, तो असा.

खरी किंमत मोजते ते पहिलीतले मूल. घरात एक बोली, पुस्तकात दुसरी. उत्तर ठाऊक असूनही ते गप्प बसते, कारण तोंड उघडले की वर्ग हसतो. शाळेतून मुले गळतात त्यामागे गरिबी आहे, स्थलांतर आहे, तशीच ही लाजही आहे. राज्यघटनेत १९५६ साली आलेल्या ३५० ‘अ’ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगितले आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानेही, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा किंवा घरच्या भाषेचा आग्रह धरला आहे. पण मराठी शाळेतल्या ठाकर मुलाला मातृभाषेतूनच शिक्षण मिळते आहे, असे आपण परस्पर धरून चालतो.

काही चांगले कामही झाले आहे. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली २०१३ साली आला. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे नमुने गावोगावी जाऊन ध्वनिमुद्रित केले. मात्र नोंदवहीत राहणे वेगळे आणि जिभेवर राहणे वेगळे. जिभेवर राहण्यासाठी फार मोठ्या योजना लागतात असेही नाही. गुरुजींनी पहिल्या महिन्यात मुलांकडून पाड्यावरचे शंभर शब्द शिकून घ्यावेत, फळ्यावर ‘पानी’ आणि ‘पाणी’ शेजारी शेजारी लिहावेत, आजीची गोष्ट तिच्याच बोलीत वर्गात सांगू द्यावी. प्रमाण मराठी मुलाने शिकलीच पाहिजे, तिच्यावाचून त्याचे पुढचे दार उघडणार नाही. पण ते दार उघडताना त्याने घरचे दार बंद करावे, अशी अट कशाला?

दरवर्षी २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. अभिजात मराठीची मुळे प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलण्यात आहेत, हे त्या दिवशी व्यासपीठावरून सांगितले जाते. त्या लोकांत ठाकरवाडीची म्हातारीही धरली गेली, तरच त्या गौरवाला अर्थ.